आजोबांच्या रायफलीचं काय करावं आणि काय करू नये

पार्ल्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. आजोबांची इंग्लंडच्या बीएसए कंपनीची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) शिकारी रायफल घरात आहे. आजोबांनी ती १९५०च्या दशकात कुणाकडून तरी जुनीच घेतली, पुढे परवाना वडिलांच्या नावावर झाला, आणि वडील गेल्या वर्षी वारले. लाकूड काळं आणि चिकट झालंय, पुढच्या लाकडाला मागच्या टोकाशी चीर आहे, नळीवर तांबूस गंज धरलाय. फर्निचरचा पॉलिशवाला म्हणतो, घासून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून देतो. मामेभाऊ म्हणतो, नळी पुन्हा काळी करून घे. आणि नवीसारखी झाली की हॉलमध्ये भिंतीवर लावायची, असा बेत आहे.

ताई, बंदुका दुरुस्त करणं हा माझा रीतसर परवान्याचा धंदा आहे, इथेच दक्षिण मुंबईत. अशा रायफली दर पावसाळ्यानंतर आमच्या टेबलावर येतात. म्हणून सरळ सांगतो: पॉलिशवाला नको, मामेभावाची सूचना नको, आणि भिंत तर नकोच. तुमच्या रायफलीला जे लागतं ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. पण त्याआधी कागद.

वडील गेले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला. तो कपाटात आहे म्हणून रायफल घरात ठेवता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं, की ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. तुम्ही केलं असेल तर पावती जपून ठेवा. नसेल केलं तर वर्ष उलटलंय, आता आणखी थांबू नका. रायफल उचलून रिक्षात बसू नका. आधी नुसतं ठाण्यात जा, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि परवाना दाखवा, आणि ते सांगतील तशी पोचवा. मला विचाराल तर जमा करायला विक्रेत्याकडची जागा बरी. महिन्याचं भाडं लागतं, पण तिथे माणूस आहे, तेल आहे. पोलिसांचा मालखाना शस्त्र ठेवण्यासाठी असतो, निगा राखण्यासाठी नव्हे, आणि मुंबईत एक पावसाळा बिनतेलाचा गेला की फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. घरात जुनी काडतुसं सापडली तर तीही सोबत जमा करा. उडवून बघू असं कुणी म्हटलं तर त्याला घरी पाठवा.

वारसाला परवाना मिळण्याची तरतूद २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण मालमत्तेवरून अबोला धरलेला एखादा काका सही देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशाने आलेलंही त्यात मोजलं जातं. तुमच्या नावावर आधी काही नसेल तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. जुनं आहे, पुराणवस्तू आहे, परवाना कशाला, असंही कुणी सांगेल. कायद्यातली ती सूट दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा शस्त्राला आहे. तुमची रायफल तेल दिलं की चालेल.

दुरुस्तीलाही परवाना लागतो. पॉलिशवाला कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात रायफल देणं हा गुन्हा होईल. मग नुसतं लाकूड काढून देऊ, असं पुष्कळ जण सुचवतात. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच येतात. लाकडी दस्ता त्यात धरायचा की नाही, हा वाद तुम्ही पोलीस चौकीत उभं राहून घालावा असं मला वाटत नाही. शिवाय पॉलिशवाला ते लाकूड बिघडवूनच देणार आहे, ते पुढे येईलच.

आता नवीसारखी करण्याबद्दल. रायफलीच्या बॉडीवर आणि नळीवर नंबर असतो, बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या, दांड्याच्या मुळाशीही बहुधा तोच. नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे बारीक शिक्के असतात. ज्यादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासली, याची ती खूण. ही अक्षरं पोलादात जेमतेम केसभर खोल असतात. बफच्या चाकावर धरली की आधी त्यांच्या कडा मरतात, मग अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, आणि सपाट बाजू उजेडात धरली की लाटा दिसतात. त्यावर कितीही सुंदर काळा रंग चढवा, जाणकार लांबूनच ओळखतो. हे झालं सौंदर्याचं. कायद्याचं त्याहून वाईट: शस्त्रावरची ओळखखूण पुसणं किंवा बदलणं कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे, आणि ज्याच्या ताब्यात ते शस्त्र सापडेल त्यानेच ती पुसली असं उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं. आमच्याकडे एक गृहस्थ अशीच आरशासारखी चकचकीत करून आणलेली रायफल घेऊन आले होते. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी नंबर वाचता येईना. तो भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचून दाखवेपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नळीवर विक्रेत्याचं नाव कोरलेलं असेल तर तेही जपा. काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आजही उभी आहे. त्या दुकानातून त्यांच्या नावाच्या बंदुका विकल्या जात. असं एखादं नाव सापडलं तर रायफल मुंबईला कशी आली याचा धागा मिळतो. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून आपल्याकडे विलायती शस्त्राला जी किंमत आहे, ती अशा मूळ खुणांमुळे आणि मूळ रंगामुळे आहे. मूळचा झिजलेला काळा रंग नव्या काळ्या रंगापेक्षा महाग असतो, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवण्यात माझा अर्धा दिवस जातो.

.३१५ बोअर कुठून आलं, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. इंग्रजांनी .३०३ हे लष्करी बोअर हिंदुस्थानात खासगी लोकांना बंद ठेवलं, लष्कराच्या गोळ्या बाहेर फिरू नयेत म्हणून. कारखानदारांनी लष्कराचीच ली बनावटीची रायफल ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसासाठी, म्हणजेच .३१५ बोअरची, घडवली. पुढे बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यानेही हाच मार्ग धरला. त्यामुळे तुमची रायफल आतून लष्करी ली-एनफिल्डची सख्खी बहीण आहे, आणि ती उघडताना हे लक्षात ठेवावंच लागतं.

कारण ली बनावटीत लाकूड दोन तुकड्यांत असतं. मागचा दस्ता एका लांब बोल्टने बॉडीला आवळलेला असतो. तो बोल्ट दस्त्याच्या तळाच्या पट्टीतून, आतल्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून फिरवतात. पुष्कळशा रायफलींत या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये. आता कुणी पुढचं लाकूड न उतरवता आधी मागचा बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक लाकडात फिरतं आणि लाकूड मागच्या टोकाशी उभं फाटतं. ताई, तुमची चीर नेमकी तिथेच आहे. वर्षानुवर्षांच्या धक्क्यानेही तिथे चीर जाते, पण मला संशय पहिल्या कारणाचा आहे: पूर्वी कुणीतरी हौसेने रायफल उघडलेली असणार. आधी मॅगझीन काढायचं, नळी बंद करणारा सरकता बोल्ट बाहेर घ्यायचा, काडतुसाचा खाना रिकामा आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. मग पुढचं लाकूड. दस्त्याचा मागचा बोल्ट सर्वांत शेवटी.

विलायती स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ असतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेच्या तोंडाशीच टेकतं आणि घसरतं. आम्ही प्रत्येक खाचेला पातं घासून बेततो, ते खाचेच्या तळापर्यंत आणि कडेपासून कडेपर्यंत भरलं पाहिजे. जाम स्क्रूला दोन दिवस भेदक तेल, मग पात्यावर एक हलका ठोका. एकदा खाच चिरडली की रायफल अनाड्याच्या हातून गेली हे जन्मभर दिसत राहतं. कुठल्याही कारागिराकडे काम देण्याआधी त्याने पूर्वी उघडलेल्या एखाद्या बंदुकीचे स्क्रू दाखवायला सांगा. त्याची परीक्षा तेवढ्यात होते.

पुढचं लाकूड उतरवलं की खरी परिस्थिती कळते. बाहेरून दिसणारा गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. लाकडाच्या रेषेखाली, जिथे कधी फडकं पोचलेलं नाही, तिथे गंजाने खड्डे पाडलेले असतात. घाम, समुद्राची खारी हवा आणि लाकडाने धरून ठेवलेली ओल तिथे एकत्र बसते. वरवरच्या गंजाला पातळ तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि चार शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढायचं. तेलाशिवाय एकदाही घासायचं नाही. भांड्यांची तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर जवळसुद्धा आणायचा नाही. तांबडं फडक्यावर आलं आणि खाली काळं राहिलं की थांबायचं. ते काळं म्हणजे मूळचा रंग आहे.

गंज जास्त असेल तर आम्ही तो सुटा भाग डिस्टिल्ड पाण्यात उकळतो. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये बदलतो. वर उरलेली सैल काजळी मऊ ब्रशने झाडायची, पुन्हा उकळायचं, शेवटी गरम असतानाच तेल द्यायचं. जुन्या शिकारी रायफलींच्या नळ्यांना काळा-निळा रंग चढवायची विलायती पद्धत याच्याच पोटातली: मुद्दाम हलका गंज आणायचा, उकळून काळा करायचा, झाडायचा, आणि हे अनेक दिवस पुन्हा पुन्हा करायचं. म्हणून ही रीत मूळ रंगाशी जुळून जाते. झऱ्याच्या पाण्याच्या बाटलीवर काय लिहिलंय याला भुलू नका, आणि नळाचं पाणी तर नकोच. क्लोरीन आणि क्षार पोलादावर डाग पाडतात.

आता मामेभावाची सूचना. झटपट काळं करायच्या दोन तऱ्हा बाजारात आहेत. एक, कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवणं, सुमारे १४० अंशांवर. कारखान्यातल्या नव्या मालाला ते ठीक. पण त्याआधी पोलाद बफवर गुळगुळीत करावंच लागतं, म्हणजे शिक्के गेले. (कुणाकडे दुनळी असेल तर त्यांनी हे नावसुद्धा काढू नये, दोन नळ्यांमधलं कथलाचं झाळकाम ते द्रावण खाऊन टाकतं.) दुसरी, बाटलीतलं कोल्ड ब्लू, कापसाने पुसायचं. एखादा ओरखडा बुजवायला मी ते वापरतो. सबंध नळीला लावलं तर दोन-चार महिन्यांत हाताच्या घामाने ठिपके पडतात. तुमच्या रायफलीला दोन्हींची गरज नाही.

लाकूड मात्र सावकाशीचं काम आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच रस आहे.

तुमच्या रायफलीचं लाकूड बहुधा अक्रोडाचं आहे. ते काळं पडलं याचं कारण वय नाही, तेल आहे. वर्षानुवर्षं यंत्रात भरपूर तेल ओतलं आणि रायफल तोंड वर करून उभी ठेवली, की ते तेल बॉडीतून ओघळत लाकडाच्या तोंडाशी मुरतं. खनिज तेल लाकडात सुकत नाही. ते तंतू मऊ करतं, मग तिथलं लाकूड धक्का सोसत नाही आणि चिरतं. त्या चिरेत फेव्हिकॉल किंवा अराल्डाइट भरलं तर तेलकट लाकडाला ते धरतच नाही, पुन्हा उघडतं. म्हणून आधी तेल काढायचं. रंगाच्या दुकानात मिळणारी व्हायटिंग पावडर घ्यायची, म्हणजे पांढरी खडूची पूड. ती अॅसिटोनमध्ये कालवून लेप काळ्या भागावर जाडसर थापायचा. अॅसिटोन लाकडात शिरून तेल पातळ करतं, आणि ते उडताना खडू तेल वर ओढून घेतो. पांढरा लेप तासाभरात पिवळट, मग चहाच्या रंगाचा होतो. ब्रशने झाडायचा, पुन्हा थापायचा, लेप पांढराच राहीपर्यंत. हे खिडक्या उघड्या ठेवून, गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांबचं काम आहे, अॅसिटोन भकदिशी पेटतं. घरात करू नका असंच मी म्हणेन. काय चाललंय हे कळावं म्हणून सांगितलं. तेल निघालं की चीर किंचित उघडून आत पातळ इपॉक्सी जिरवायचं, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळायचं, आणि गरज वाटली तर आतल्या बाजूने पितळेची आटे असलेली बारीक काडी घालायची, बाहेरून दिसणार नाही अशी.

लाकूड घासायचं नाही. ज्याने हे लाकूड बसवलं त्याने ते पोलादाच्या कडेला केसभर वर ठेवलं होतं. पॉलिश पेपर फिरला की ते कडेखाली जातं आणि पोलाद उघड्यावर येतं. मुठीजवळची चौकटी जाळीची नक्षी एकदा सपाट झाली की ती पुन्हा कोरणारे हात मुंबईत आता फार थोडे. नक्षीतला मळ टर्पेंटाइन आणि जुन्या टूथब्रशने निघतो. दबलेल्या खोकी वाफेने उठतात: ओलं सुती फडकं खोकीवर ठेवून इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवायचं. तंतू तुटलेले नसतील तर खोक बरीचशी भरून येते. ओरखडे मात्र राहू द्या. त्यातला एखादा आजोबांच्या पट्ट्याच्या बकलाचा असेल.

पीयू आणि मेलामाइन लाकडावर प्लास्टिकसारखी कातडी धरतात. धक्क्याने ती तडकते, तड्यातून ओल आत जाते, आणि मग ती काढायला सगळं खरवडावं लागतं. जुन्या विलायती दस्त्यांना जवसाच्या तेलाचं काम असे. रंगवाल्याकडचं बेलतेल (तेही जवसाचंच) पुष्कळदा भेसळीचं निघतं आणि आठवडा झाला तरी चिकट राहतं, तेव्हा कलाकारांच्या सामानाच्या दुकानातलं शुद्ध जवस तेल घेतलेलं बरं. त्यात रतनजोत भिजत घालायचं. विलायतेत बंदुकीच्या तेलाला लालसर झाक यायला अल्कानेट नावाचं मूळ वापरत. आपलं रतनजोत त्याच कुळातलं, लालबागच्या किंवा मशीद बंदरच्या मसालेवाल्याकडे मिळतं. रोगनजोशचा लाल रंग ज्याचा, तेच. दोन-तीन दिवसांत तेल माणकासारखं होतं. गाळून घ्यायचं, आणि चार-पाच थेंब तळहातावर घेऊन लाकडात चोळायचे, हात गरम होईपर्यंत. जास्तीचं पुसून काढायचं. पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात नाही. पावसाळ्यात हे तेल दिवसेंदिवस वाळत नाही, म्हणून मी जून ते सप्टेंबर दस्त्याचं काम घेतच नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की सुरू. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मग टाकायची.

नळीच्या आतलं थोडक्यात. जुन्या काडतुसांच्या तळाशी दारू पेटवणारी जी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा क्षार हवेतली ओल ओढतो आणि नळी आतून खातो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून कितीही तेल घालून पुसलेली नळीसुद्धा आतून गेलेली सापडते. गरम पाणी, कोरडं फडकं, ब्रॉन्झचा ब्रश, मग तेल. आत खड्डे निघाले तर ते तसेच राहतील, त्यावर इलाज नाही. वारसाचा परवाना मिळाला आणि ती कधी उडवायची मनात असली, तर त्याआधी गेजने बोल्टची बैठक मोजून घ्यावी लागेल, विशेषतः बोल्टवरचा नंबर जुळत नसेल तर. शिकारीचा प्रश्न १९७२च्या वन्यजीव कायद्याने मिटवलाच आहे. आजोबांच्या काळातलं शिंग किंवा कातडं घरात असेल तर त्याच्या मालकीच्या प्रमाणपत्राचीही चौकशी वन विभागाकडे करून ठेवा, तो वेगळा घोळ असतो.

राहता राहिली भिंत. शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते, आणि हॉलमध्ये टांगलेली रायफल कुलूपबंद नसते. आजोबांचा रायफलीसोबतचा फोटो असेल तर तो फ्रेम करून लावा. रायफल पोलादी कपाटात, बाहेरच्या ओलसर भिंतीला न टेकता, आणि शक्यतो तोंड खाली करून, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत कधीही नाही. ती खोळ ओल धरते आणि चामडं कमावताना वापरलेले क्षार पोलादाला लागतात, खोळ प्रवासापुरती. कपाटात सिलिका जेलची पिशवी, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायची. पोलादावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, संग्रहालयांत शस्त्रांना देतात तो. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण वर्षभर राखण करत नाही. हाताळून झालं की उघड्या हाताचे ठसे पुसून टाका, घामातलं मीठ रात्रीत डाग पाडतं.

तर क्रम असा धरा. आधी जमा आणि पावती, मग वारसाचा अर्ज, आणि तोवर विक्रेत्याला सांगून नळीला तेल. लाकडाचं काम दिवाळीनंतर. कारागिराकडे देताना नंबर, शिक्के, चीर आणि नक्षी यांचे जवळून फोटो काढून ठेवा, त्याने लिहून दिलेल्या पावतीवर नंबर घालून घ्या, आणि त्याला स्पष्ट सांगा: बफ नाही, पॉलिश पेपर नाही.